माशाची खूण

नलू घाडीच्या उजव्या अंगठ्यावर रेघा उरल्या नव्हत्या, ही गोष्ट चौदा वर्षांत कुणाच्या ध्यानात आली नव्हती. खुद्द नलूच्याही नाही. स्वतःचा अंगठा रोज निरखून बघायला वेळ कुणाला असतो? भाकरी थापायला, कांदा चिरायला, इस्त्री धरायला तो उपयोगी पडत होता, तेवढं पुरेसं होतं. पण एक एप्रिलला परळच्या त्या इस्पितळात नवा कंत्राटदार आला. त्यानं तळघराच्या जिन्यापाशी हजेरीचं काळं मशीन ठोकलं. पहिल्याच सकाळी नलूनं अंगठा टेकला, तेव्हा मशीनमधली बाई म्हणाली, "प्लीज ट्राय अगेन."

नलूनं अंगठा पदराला पुसला आणि पुन्हा टेकला. मग केसांत घासून टेकला. मागं वीस-पंचवीस बायकांची रांग तुंबली होती आणि वरून पाणी प्यायला आलेले वॉर्डबॉय मजा बघत उभे होते. मशीनमधली बाई मोठी सभ्य होती. तिनं एकदाही आवाज चढवला नाही, पण नलूला आतही घेतलं नाही. शेवटी एकेक बोट लावत गेल्यावर डाव्या हाताची करंगळी तिला पसंत पडली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं, असं पुटपुटत नलू जिना उतरली.

खाली लिनन रूम. ऑपरेशन थिएटरमधले हिरवे गाऊन, चादरी, टॉवेल इथं येत ते रक्तामासानं माखलेले, आणि जात ते कडक इस्त्रीत घडी होऊन. मधलं सगळं एकतीस बायकांच्या हातून. सोड्याच्या पाण्यात भिजवायचं, ब्लीचमध्ये बुडवायचं, मशीनमधून काढलेलं ओलं ओझं ओढायचं, आणि मग दिवसभर वाफेच्या इस्त्रीपुढं उभं राहायचं. हातमोजे मिळत, पण घड्या घालताना हातमोज्यात कापडाची सुरकुती कळत नाही. थिएटरात सुरकुतलेली चादर गेली तर वरून शिव्या येतात. म्हणून सगळ्या उघड्या हातानंच काम करत. रेघा गेल्या त्या अशा, वर्षाला एकेक करून.

घड्या झाल्या की गाठोडं बांधायचं, वर कागदी टेप लावायची आणि टेपवर आपली खूण काढायची. ही जुनी रीत. पूर्वीच्या बायकांना लिहिता येत नसे, म्हणून कुणी कुयरी काढी, कुणी चंद्रकोर, कुणी नुसते तीन ठिपके. पुढं शिकलेल्या बायका आल्या तरी रीत राहिली. नलूचा मासा होता. मालवणकडची बाई, दुसरं काय काढणार? एक रेघ पाठीची, एक पोटाची, शेपटीशी फुली, आणि शेवटी डोळ्याचा ठिपका. गाठोडी वाफेच्या भट्टीतून निघून थिएटरात पोचली की तिथली लक्ष्मी सिस्टर रजिस्टरात तारीख लिही, गाठोड्याचा नंबर लिही आणि पुढच्या रकान्यात टेपवरची खूण जशीच्या तशी काढी. एखाद्या गाठोड्यात टॉवेल कमी निघाला तर बोंब कुणाच्या नावानं मारायची, हे तिला ठाऊक असायला हवं होतं. सिस्टर घाईत असे, त्यामुळे तिच्या माशाला बहुतेकदा डोळाच नसे. नलूनं तिला यावरून कितीदा चिडवलं होतं, की सिस्टर, तुमच्या थिएटरात माझा मासा आंधळा होतो.

पंधरा दिवस करंगळीवर निभावले. पण नलूसारख्या आणखी पाच जणी होत्या, सगळ्या जुन्या, आणि सगळ्यांना रोज हा तमाशा. त्यांतल्या बेबीनं उपाय शोधला. बेबी वडाळ्याची, नलूच्या शेजारच्या टेबलावर बारा वर्षं इस्त्री करणारी, आणि जगातल्या कुठल्याही दुखण्यावर तिच्याकडे घरगुती औषध असे. रात्री बोटांना खोबरेल चोळायचं, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधून झोपायचं, आठवड्यात रेघा परत येतात, असं तिनं छातीठोकपणे सांगितलं. सहाही जणींनी ते केलं. सकाळी सहा तेलकट हात मशीनच्या काचेवर टेकले आणि मशीनमधल्या बाईची वाचाच बसली. त्या दिवशी कुणाचंच बोट लागेना, ज्यांचं कालपर्यंत निमूट लागत होतं त्यांचंही.

सुपरवायझर हितेंद्र धावत खाली आला. तिशीच्या आतबाहेरचा, गळ्यात ओळखपत्र, तोंडात सगळ्यांसाठी एकच शब्द, मावशी. त्यानं रुमालानं काच पुसली, पुसून आणखी फासली. दुपारी माणूस बोलावून मशीन नव्यानं बसवलं आणि सगळ्यांची बोटं पुन्हा नोंदवली. पंचवीस जणींची नोंदली गेली. नलू, बेबी आणि त्या चौघींची दहाच्या दहा बोटं मशीननं नाकारली, करंगळीसकट.

"काही टेन्शन नाही, मावशी," हितेंद्र म्हणाला. त्यानं अर्ध्या पानाचा छापील इंग्रजी फॉर्म पुढं केला. "मशीनचा प्रॉब्लेम आहे असं रोज लिहून द्यायचं. फक्त सही करा, बाकी मी भरतो."

नलू दहावी पास होती. इंग्रजी अक्षरं लावून तिला दुकानाच्या पाट्या वाचता येत. तो फॉर्मही लावता आला असता, पण मागं कामाचा ढीग पडला होता आणि पोरगा मावशी म्हणत होता. तिनं सही केली. दुसऱ्या दिवशी केली, तिसऱ्या दिवशी केली. सोळा एप्रिलपासून अशा दहा सह्या झाल्या, मग हितेंद्रनं फॉर्म आणायचे थांबवले. त्या प्रत्येक दिवशी ती सकाळी सातपासून तळघरात होती, वीस-बावीस गाठोडी बांधत होती आणि प्रत्येकावर मासा काढत होती.

एक मेची सुट्टी संपवून ती कामावर गेली, तेव्हा हितेंद्रनं तिला जिन्यावरच थांबवून पत्र दिलं. पत्र मराठीत होतं, तेवढी कृपा. आपण सोळा एप्रिलपासून सलग दहा दिवस गैरहजर राहिलात, त्यावरून आपण काम सोडलं आहे असं समजून आपलं नाव कमी करण्यात येत आहे. नलूनं ते दोनदा वाचलं. तिला आधी हसूच आलं. ज्या माणसानं तिला रोज डोळ्यांनी पाहिलं तोच हे पत्र हातात देत होता.

हितेंद्रनं घाईघाईनं समजूत घातली. नाव कमी झालं म्हणजे काम गेलं असं थोडंच आहे? हा दुसरा फॉर्म भरायचा, उद्यापासून नवीन म्हणून लागायचं. काम तेच, टेबल तेच, इस्त्रीसुद्धा तीच.

"आणि माझी चौदा वर्षं?" नलूनं विचारलं.

"ती जुन्या कंत्राटदाराकडची, मावशी. आम्ही तर आताच आलो."

तेव्हा तिला सगळा डाव उमगला. जुन्या बायकांना एकेक करून नवीन करून टाकायचं, म्हणजे म्हातारपणी त्यांना काही द्यायला नको आणि उद्या काढून टाकलं तरी विचारणारं कुणी नको. पहिलं पत्र तिला आलं होतं, बाकीच्या पाच जणींची छापून होत असतील. तिनं दुसरा फॉर्म घडी करून हितेंद्रच्या शर्टाच्या खिशात परत ठेवला. मग पत्र ब्लाउजमध्ये खोचलं आणि जिना चढून बाहेर आली. इतक्या सकाळी इस्पितळाच्या बाहेर उभं राहायची तिला सवय नव्हती. ऊन अंगावर आल्यावर ती फुटपाथच्या कठड्यावर टेकली आणि रडली. रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि लालबागचा रस्ता धरला.

घर म्हणजे चाळीतली एक खोली. सासरा कुशाबा गॅलरीत बसलेला असे, ऐंशी उलटलेला, जन्म गिरणीत कापडाच्या साच्यांवर काढलेला. त्या गोंगाटानं त्याच्या कानांची वाट लावली होती, पण ऐकायचं असलं की त्याला सगळं ऐकू येई. नवरा चिंतामणी गिरगावातल्या एका जुन्या इमारतीत लिफ्ट चालवायचा. स्वभावानं तोही लिफ्टसारखाच, सांगाल तिथं जाणारा आणि मध्ये कुठं न थांबणारा. रात्रीच्या जेवणाला नलूनं सगळं सांगून पत्र पुढं ठेवलं तेव्हा तो लगेच म्हणाला की सही करून टाक, काम चालू राहतंय ना. युनियन-बिनियनच्या नादाला लागू नको, बाबांची गिरणी गेली ती युनियनपायीच.

कुशाबानं ताटावरचा हात थांबवला.

"गिरण गेली ती मालकान इकल्यान म्हणून," तो म्हणाला. "आमी एकत्र होतंव, ता काय चुकलां नाय." मग नलूकडे वळून त्यानं विचारलं, "ते कागद वाचलंस? सही केलंस ते?"

नलूनं मान खाली घातली. कुशाबा तिला कधी वेडंवाकडं बोललेला नव्हता आणि आताही बोलला नाही. त्यानं नुसता स्वतःचा अंगठा वर करून दाखवला, काळपट आणि टोकाला चपटा झालेला. "मी अडाणी. पण दुसऱ्याकडना वाचून घेतल्याशिवाय ह्यो अंगठो कोणाक दिलंय नाय. जा युनियनीत. पण एकटी जाव नको गो. एकटी गेलंस तर म्हणतले, बाय रडाक इली."

पण नलूच्या डोक्यात संताप होता आणि संतापलेल्या माणसाला सोबत जमवायला धीर नसतो. दुसऱ्या दिवशी ती एकटीच गेली.

युनियनचं ऑफिस लालबागेतच होतं, मसाला कुटायच्या डंकाच्या वरच्या मजल्यावर. मे महिना म्हणजे वर्षाचा मसाला करायचे दिवस. खाली मिरच्यांची पोती लागलेली, मुसळं धडाधड पडत होती आणि तिखटाची धूळ जिन्यातून वर चढत होती. नलूनं दारातच चार शिंका दिल्या. आत टेबलामागं मनमोहन नावाचे सत्तरीचे गृहस्थ नाकाला रुमाल लावून बसले होते. ते युनियनचे सेक्रेटरी. शेजारी दर्शना नावाची वकील मुलगी लॅपटॉपवर काही लिहीत होती. गिरगावातली, नीटनेटकी, शुद्ध बोलणारी. बसा म्हणून तिनं खुर्ची ओढून दिली.

नलूनं सगळं सांगितलं, तेलाचं प्रकरणही लपवलं नाही. मनमोहन मध्ये न बोलता ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"तुमच्याकडे बायका किती?"

"एकतीस."

"आणि तुम्ही आलात किती?"

नलूला सासऱ्याचा चपटा अंगठा आठवला आणि ती ओशाळली.

"पत्र मी आजच लिहितो," मनमोहन म्हणाले. "पण एका बाईच्या पत्राला उत्तर यायला वर्ष लागतं, बाई. एकतीस जणींच्या पत्राला आठवड्यात येतं. युनियन म्हणजे मी नव्हे आणि ही दर्शनाही नव्हे. आम्ही दोघं फक्त टपाल टाकणारे."

दर्शनाला मात्र वेगळीच काळजी लागली होती. ते इंग्रजी फॉर्म म्हणजे रजेचे अर्ज असणार, ती म्हणाली. नलूनं दहा दिवस स्वतःच्या सहीनं रजा मागितली आणि ती मंजूर नसताना गेली, असं ते दाखवतील. त्या दहा दिवसांत ती कामावर होती हे कशावरून सिद्ध करायचं? कॅमेरे त्यांचे, मशीन त्यांचं. तिच्या हातचा काही कागद आहे का, कुठं नाव, कुठं सही?

"आमचं कसलं नाव आणि कसली सही," नलू म्हणाली. "गाठोड्यावर मासा काढते मी."

दर्शनाची बोटं थांबली. मासा म्हणजे काय, तो कुठं जातो, रजिस्टर कुणाकडे असतं, किती वर्षं ठेवतात, असं ती खोदून खोदून विचारत गेली आणि नलू आश्चर्यानं उत्तरं देत गेली. शेवटी दर्शनानं मनमोहनांकडे पाहिलं, आणि ते म्हातारे गृहस्थ रुमालाआड हसले. पत्रात आणखी एक ओळ टाकू, ते म्हणाले. थिएटरच्या कपड्यांचं एप्रिलचं रजिस्टर सुनावणीला घेऊन यावं. ते मुकाट आणतील. त्यांना वाटेल, आपण टॉवेल मोजणार आहोत.

आता तीस बायका गोळा करायच्या होत्या. नलूला आत जायची बंदी होती, म्हणून ती दुपारी एकला मागच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभी राहू लागली. बायका डबे खायला बाहेर येत, तिला बघून एकेक शब्द बोलत आणि घाईनं निघून जात. कुणाचा नवरा घरी बसलेला, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलेलं. भीती खोटी नव्हती, त्यामुळे नलूला रागावताही येईना. सगळ्यांत जिव्हारी लागलं ते बेबीचं. बेबी गेटमधून बाहेर येतच नव्हती.

चौथ्या दिवशी नलू बस पकडून थेट वडाळ्याला तिच्या घरी गेली. बेबीनं दार उघडलं आणि तिला बघताच पदर तोंडाला लावला. हे सगळं माझ्या तेलापायी झालं, ती म्हणत होती, मशीन बिघडलं नसतं तर तुझी करंगळी चालू राहिली असती, तुझं काम माझ्या हातानं गेलं. चार दिवस ती जेवलीही नव्हती धड. नलू तिच्या शेजारी जमिनीवर बसली.

"तुझ्या खोबरेलात एवढी ताकद असती तर माझे केस काळे झाले असते," ती म्हणाली. "चल, चहा टाक. आणि सांग, त्या चौघींना कोण आणतंय, तू की मी?"

बेबी रडता रडता हसली. आणि एकदा बेबीनं मनावर घेतलं की ती थांबणारी बाई नव्हती. ज्या जिभेनं तिनं सहा जणींना तेल चोळायला लावलं होतं, त्याच जिभेनं तिनं तळघर पेटवलं. आज नलूचं पत्र आलं, उद्या माझं येईल, परवा तुझं, एवढंच ती प्रत्येकीच्या टेबलापाशी जाऊन म्हणे आणि पुढं सरके. शनिवारी पाळी सुटल्यावर तीस बायका मसाल्याच्या डंकावरचा अरुंद जिना चढल्या. वर त्यांना उभं राहायला जागा नव्हती. अर्ध्या खोलीत, अर्ध्या जिन्यावर, आणि सगळ्या एकदम शिंकत होत्या. गॅलरीत बसून राहणारा कुशाबाही काठी टेकत आला होता. त्याला खालीच पोत्यावर बसवलं होतं.

मनमोहन जुन्या वळणाचे. सभासदाच्या फॉर्मवर सही तर हवीच, पण शेजारी अंगठाही हवा. त्यांनी शाईची गादी उघडली. नलूनं सही केली आणि अंगठा उमटवला. कागदावर निळा डाग पडला, नुसता गुळगुळीत डाग, एक रेघ नाही. बेबीचा तसाच. तिच्यामागच्या दोघींचा तसाच. ज्यांचं बोट मशीन घेत होतं त्यांच्यातही कितीजणींच्या रेघा अर्ध्यामुर्ध्याच उरल्या होत्या. मनमोहन एकेक फॉर्म उजेडात धरून बघत होते. शेवटी सलोनीचा नंबर आला. बावीस वर्षांची, कामाला लागून चार महिने झालेली. तिचा अंगठा तेवढा स्वच्छ उमटला, प्रत्येक रेघ निराळी. तिनं आपला कागद बघितला, मग टेबलावर पसरलेले बाकीचे डाग बघितले.

"मावशी," तिनं नलूला विचारलं, "माझं पण असंच होणार?"

नलूला खोटं बोलवेना. तिनं त्या पोरीचा शाईचा अंगठा आपल्या पदरानं पुसून दिला.

मनमोहन म्हणाले होते तसंच झालं. एकतीस जणींच्या पत्राला आठवड्यात उत्तर आलं आणि सुनावणीची तारीख लागली. कामगार खात्याच्या ऑफिसात एका लांब टेबलाच्या एका बाजूला नलू, दर्शना आणि मनमोहन, दुसऱ्या बाजूला हितेंद्र आणि इस्पितळाचे व्यवस्थापक विनीत साहेब. मध्ये अधिकारी बाई, चष्मा नाकावर ओढून बसलेल्या. बाहेरच्या बाकांवर बेबी आणि सुट्टी मिळालेल्या अकरा जणी. हितेंद्रनं दहा फॉर्म टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. प्रत्येकावर नलूची सही आणि वर इंग्रजीत टाईप केलेलं, गावी जाण्यासाठी रजा मिळावी. या मावशी चांगल्या आहेत, तो गोड आवाजात म्हणाला, पण कोकणातल्या माणसांचं आपल्याला माहीतच आहे, उन्हाळा लागला की पाय थांबत नाहीत. चोराच्या उलट्या बोंबा त्या याच. नलूनं दोन वर्षांत गावाचं तोंड पाहिलं नव्हतं. तिचे कान तापले, पण दर्शनानं टेबलाखाली तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मग दर्शनानं रजिस्टर मागितलं. विनीत साहेबांनी ते बेफिकिरीनं पुढं सरकवलं. अधिकारी बाईंनी सोळा एप्रिलचं पान उघडलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. रकान्यात कुयऱ्या होत्या, चंद्रकोरी होत्या, ठिपके होते. आणि मासे होते, ओळीनं मासे.

"हा मासा कोण?" त्यांनी विचारलं.

"मी," नलू म्हणाली.

तिनं पेन मागून घेतलं आणि कोऱ्या कागदावर पाठीची रेघ, पोटाची रेघ, शेपटीची फुली काढून शेवटी डोळा दिला. चौदा वर्षांत तिनं ती खूण किती हजार वेळा काढली असेल, देव जाणे. बाईंनी पानं उलटली. सतरा एप्रिल, अठरा, एकोणीस, थेट शेवटच्या तारखेपर्यंत. एकही दिवस माशाविना नव्हता.

हितेंद्र वाकून बघत होता. त्यानं घसा खाकरला. यांच्या माशाला डोळा आहे, तो म्हणाला, आणि रजिस्टरातल्या माशांना डोळे नाहीत. शिवाय मासा काय, कुणीही काढेल. दुसऱ्या कुणी यांच्या नावानं गाठोडी बांधली नसतील कशावरून?

बाहेर बाकावरून बेबीचं काहीतरी बोलणं ऐकू आलं आणि कुणीतरी तिला गप्प केलं. दर्शना उत्तर द्यायला सरसावली होती, पण नलूनं तिला थांबवलं. हे उत्तर तिचं होतं.

"डोळा सिस्टर विसरतात, त्यांना घाई असते," ती म्हणाली. "आणि कुणीही काढेल म्हणता, तेही खरं धरू. मग विनीत साहेबांनी तेवढं लिहून द्यावं. की ते दहा दिवस थिएटरात पेशंटच्या उघड्या पोटावर जी चादर टाकली, ती कुणी धुतली, कुणी बांधली, ते इस्पितळाला ठाऊक नाही. लिहून दिलं की मी घरी जाते."

विनीत साहेबांनी हितेंद्रकडे पाहिलं ते पहिल्यांदाच. त्या रजिस्टरावर इस्पितळाचा सगळा टेंभा होता. तपासणीला माणसं येत तेव्हा तेच पुढं केलं जाई, की बघा, आमच्याकडे एकेका चादरीचा माग लागतो. मासा खोटा म्हटला तर रजिस्टर खोटं, आणि रजिस्टर खोटं तर थिएटरला कुलूप. मासा खरा म्हटला तर बाई हजर. साहेबांनी पाच मिनिटं मागून घेतली आणि हितेंद्रला बाहेर नेलं. व्हरांड्यात त्यांचा आवाज चढला. बाकावरच्या बायकांनी पाय आखडून त्यांना वाट करून दिली आणि कान तेवढे मोकळे ठेवले.

संध्याकाळपर्यंत कागद तयार झाला. पत्र मागे. नलूची चौदा वर्षं सलग धरायची, बाकीच्या पाच जणींना तसलं पत्र द्यायचं नाही. ज्यांची बोटं मशीन घेत नाही त्यांनी मस्टरवर सही करायची, आणि सहीसाठी पुढं येणारा प्रत्येक कागद मराठीत असायचा. ही शेवटची ओळ नलूनं घालायला लावली. मनमोहनांनी तो कागद तिला मोठ्यानं वाचायला सांगितला आणि तिनं तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. घरी कुशाबानं तोच कागद चिंतामणीकडून पुन्हा वाचून घेतला. सगळं ऐकल्यावर तो सुनेला म्हणाला, "बरां केलंस गो बाय." चिंतामणीनं रात्री पापलेट आणलं होतं, आणि ते स्वस्त नव्हतं.

सोमवारी सकाळी सातला हितेंद्र जिन्यापाशी मस्टर घेऊन उभा होता. काळं मशीन भिंतीवर होतंच, पण आज त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. नलू पुढं झाली. हितेंद्रनं पेन दिलं आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. नलूनं पिशवीतून चष्मा काढला, काचा पदरानं पुसल्या, डोळ्यांवर चढवला आणि पान वरपासून वाचायला सुरुवात केली. इस्पितळाचं नाव, खात्याचं नाव, महिना, तारीख, रकान्यांची नावं.

"मावशी, उशीर होतोय," हितेंद्र हळूच म्हणाला.

"वाचू दे तिला," मागून बेबी म्हणाली.

नलूनं वाचून संपवलं आणि सही केली, नलिनी चिंतामणी घाडी. मग बेबीनंही पिशवीतून आपला चष्मा काढला. तिनंही वरपासून वाचलं. तिच्यामागून चौघींनी वाचलं. आणि मग सलोनी, जिचं बोट मशीन मुकाट घेत होतं, तीही रांगेत उभी राहिली आणि म्हणाली की मलापण बघू दे काय लिहिलंय. रांग जिन्यावरून वर पार दरवाज्यापर्यंत गेली होती आणि कुणालाही घाई नव्हती.

त्या दिवशी पहिलं गाठोडं थिएटरात दहा मिनिटं उशिरा पोचलं. लक्ष्मी सिस्टरनं टेप बघितली, रजिस्टर उघडलं, तारीख लिहिली, नंबर लिहिला आणि पुढच्या रकान्यात मासा काढला. पान उलटायला तिनं हात उचलला होता, पण ती थांबली, आणि पेनाचं टोक टेकवून तिनं त्याला डोळा दिला.